तळ्यातली लाल पिल्लं

त्या दुपारी तळ्याची राखण आमच्या घराकडे होती. मी चटई आणि पानाची चंची घेऊन गेले. वैशाखाचं ऊन. शेतं भेगाळलेली, गावातलं उरलंसुरलं पाणी त्या एका तळ्यात, आणि मासेही तिथंच. पाऊस लागला की चरातून ते शेताशेतात जातात आणि वर्षभर सगळ्यांच्या ताटात येतात. म्हणून उन्हाळ्यात तिथं कुणी गळ टाकायचा नाही, अशी गावानं राखणदार देवाच्या थानापुढे उदबत्ती धरून शपथ घेतलेली. मीही घेतलेली.

आमच्याकडे आजोबाला ता म्हणतात, आजीला येय. तळ्याचा कारभार बघणारा म्हातारा ता सिम जाता जाता म्हणाला, "येय मोम, मासे कुठं पळत नाहीत. तूच मांजरीसारखी टक लावून बसू नकोस."

"मांजरीला दात असतात. मला कुठं राहिलेत?"

तो हसत गेला. मला हसू येत नव्हतं. घरी माझी लेक चान्था बाळंतिणीच्या बाजेवर आठ दिवस पडून होती, लांब केस उशीवर मोकळे. बाजेखाली निखारे, तरी अंग गार. अन्न जाईना, दूध आटलेलं. एकच म्हणायची, "माय, ताज्या मरळीचा रस्सा दे..." बाजारात खारवलेले मासे तेवढे. त्यांच्या वासानंच तिला उमळायचं.

मधे एक सर पडून गेली होती, तेवढ्यात एका मरळीनं पिल्लं काढलेली. शेकडो पिल्लं, तांदळाएवढी, लालभडक, चेंडूसारखी गोळा होऊन पाण्यावर तरंगतात. खाली आई असते. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पिल्लांवर गळाला लावलेला बेडूक नाचवला की ती झडप घालते. भूक नसली तरी घालते.

मी बेडूक नाचवला.

तिला फडक्यात गुंडाळताना पाहिलं, तर तो लाल गोळा काठाशी आला होता. माझ्या सावलीत शिरून थांबला होता.

चान्था दोन वाट्या रस्सा प्याली. मग हळूच म्हणाली, "माय... पिल्लं नव्हती ना गं तिच्याबरोबर?"

"नाही गं बाई. पी तू."

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती गेली. तिची तान्ही मलिस, आठ दिवसांची होती ती आता अकरा दिवसांची झाली, शेजारणीच्या दुधावर.

पुढच्या पाळीला गेले, तर गोळा पुन्हा माझ्या सावलीत आला. पावसाळ्यात चर फुटला, सगळे मासे शेतात गेले, ही पिल्लं गेली नाहीत. मरळीची पिल्लं महिन्याभरात काळी पडतात, पांगतात. ही दुसऱ्या उन्हाळ्यातही तांदळाएवढी, तशीच लाल. शेवटी मी ता सिमला काठावर आणलं आणि सगळं सांगितलं.

त्यानं वाकून तो गोळा पाहिला. "झालं ते झालं, येय," म्हणाला. "चान्था गेली. आता गावानं तुझ्याकडून आणखी काय घ्यायचं?"

दंड केला असता तर बरं वाटलं असतं.

सात उन्हाळे मी त्यांना माझी सावली देत आले. दुसरं काय देणार? यंदा गुडघे धरलेत, म्हणून मलिस माझा भात घेऊन तळ्यावर आली. उवा झाल्या म्हणून कालच तिचं डोकं भादरलेलं. ती काठाशी ओणवली तसा तो गोळा माझ्या सावलीतून निघाला आणि तिच्याकडे गेला.

"मलिस, मागं हो..."

"हळू बोल येय," ती कुजबुजली. "आत्ता निजलीत."

मी तिचा दंड धरायला पुढं झाले आणि पाण्यात पाहिलं. वारा नव्हता, पान हलत नव्हतं. पिल्लं तिच्या सावलीत निवांत पडली होती. त्या सावलीला लांब मोकळे केस होते, आणि ते पाण्यात हळूहळू हलत होते.