वडी विरघळेपर्यंत

"मेलेली कोळंबी? माझ्या फ्रीजात? जमायचं न्हाई, ईश्वरी!"

आईनं थर्माकोलचा डबा दारातच अडवला आणि मी माजलगावच्या रणरणत्या उन्हात रस्त्यावर! पुण्याहून ट्रॅव्हल्सनं मागवलेलं माझ्या माशांचं खाणं... आतला बर्फ कोपऱ्यातून ठिबकतोय, आणि आमच्या घराला नेमकी आत्ता आठवण झाली की आपण शुद्ध शाकाहारी. जिवंत मासे हॉलमध्ये चालतात, बरं का. आई त्यांच्याशी गप्पासुद्धा मारते!

गल्लीच्या तोंडाशी पहिलं दुकान दिसलं ते फ्रीज दुरुस्तीचं. घुसले.

"एखादा चालू आहे का?"

एका फ्रीजच्या मागून मान वर आली. कपाळावर घाम, गालावर काळं, आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर.

"हाय ना. विकत पायजे का?"

"विकत नको हो, हे ठेवायचंय. विरघळतंय!"

त्यानं झाकण उचलून आत पाहिलं. "कोळंबी! तुमी खाता?"

"मी नाही, मासे खातात!"

"आन् मासे तुमी खाता?"

"पाळते मी मासे! काय माणूस आहे..."

"मंग तसं सांगा की मॅडम," म्हणून तो इतका मोकळा हसला की मला आणखीच राग आला. पण डबा त्यानं हातातून घेतला आणि कोपऱ्यातल्या जुन्या लाल फ्रीजच्या वरच्या कप्प्यात नीट रचला. पवन त्याचं नाव. दुकान त्याचं स्वतःचं होतं.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगते. आमच्या हॉलमध्ये समुद्र आहे. पाच फूट लांब काचेची टाकी, खाली लोखंडी सांगाडा. आरओच्या पाण्यात समुद्राचं मीठ कालवायचं, खारटपणा मोजायचा, दगड रचायचे, आणि मग आठवडेच्या आठवडे नुसत्या पाण्याकडं बघत बसायचं. पाणी तयार झाल्याशिवाय मासा सोडता येत नाही. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या कापड दुकानातली गिऱ्हाइकं घरी येऊन विचारायची, "मासे कुठंयत?" मी, जिला चहा उकळेपर्यंत दम निघत नाही, ती दात-ओठ खात थांबले. मग एकेक प्रवाळ लावला. आमच्याकडचा उन्हाळा त्यांना सोसत नाही, म्हणून पाणी गार ठेवायचं यंत्र. वीज गेली की इन्व्हर्टर. एवढं केलं, आणि गाडी अडली कोळंबीवर!

कोळंबी गोठवलेल्या वड्यांची असते, आणि दिवसाला एकच वडी लागायची. संध्याकाळी मी वाटी घेऊन जायची, पवन पाकिटातून बोटाच्या पेराएवढी वडी दाबून काढायचा, वाटीत टाकायचा.

"तुमच्या माशांची नावं काय हायेत?"

"नाही ठेवली."

"एकाचं पवन ठेवा."

"कशाला?"

"रोज तुमच्या हातचं खायला मिळंल त्याला."

"वाटी द्या इकडे. विरघळतेय!"

"पळा मग, पळा!"

मी पळायचे. वळणावर एकदाच मागं बघायचे... उगीच आपलं, गाडी-बिडी येतेय का ते. तो दारात उभा असायचा.

घरी आल्यावर कशात म्हणून चित्त लागायचं नाही. खारटपणा मोजायचा आणि आकडा विसरायचा. एकदा टाकीचं पाणी बदलताना नळीचं तोंड बादलीऐवजी आईच्या गालिच्यावर सोडलं. नुसती घालमेल! आणि कारण मला चांगलं ठाऊक होतं. त्याच्या दुकानात बाबासाहेबांचा फोटो, आमच्या दुकानात बसवेश्वरांचा. दोन्ही फोटोंचं एकमेकांशी पटलं असतं, प्रश्न खाली बसणाऱ्या माणसांचा होता. म्हणून तर मी तिथं टेकत नव्हते. टेकले असते तर उठले नसते.

तेवढ्यात आप्पांना माझी दया आली. "पोरगी उन्हातान्हात एका वडीसाठी पळायलीय," म्हणाले, आणि माझ्यासाठी वेगळा छोटा फ्रीज घेतला. कुणाकडून? पवनकडूनच!

तो टेम्पोतून घेऊन आला. गॅलरीत बसवला, प्लग लावला, कोळंबीचं पाकीट स्वतःच्या हातानं आत ठेवलं. "बघा मॅडम, थंड व्हायलाय." जाता जाता टाकीपाशी थांबला. आत प्रवाळ हलत होते, निळ्या उजेडात मासे त्यांच्यातून ये-जा करत होते.

"ही फुलं हायेत का दगडं?"

"जीव आहेत," मी म्हणाले.

तो बराच वेळ बघत राहिला. मग आप्पांना नमस्कार करून गेला. माझ्याकडं न बघता!

असा संताप झाला माझा! एखादा बिघाड ठेवता येत नव्हता? गॅस कमी, बटण ढिलं, काहीतरी! इतकं चांगलं काम कशाला करायचं माणसानं? मी तासातासाला दार उघडून हात घालून बघायची. मेला गारच! संध्याकाळ झाली की पाय आपोआप चपलेकडं जायचे, आणि जायला कारण नसायचं. कारण संपलं म्हणजे पवन संपला. आज गेले नाही, तर पुढं कधीच जायचं धाडस होणार नाही, हे मला कळून चुकलं.

त्या संध्याकाळी घरच्या फ्रीजमधून वडी काढली, स्टीलच्या ग्लासात टाकीतलं पाणी घेतलं, आणि निघाले उलट्या दिशेनं.

पवनच्या तोंडचं पाणी पळालं. "बिघडला का काय?"

"नाही. लई गार होतोय."

"मंग... कावून आलात?"

मी स्टूल ओढलं आणि बसले. ग्लास मधे ठेवला, वडी पाण्यात टाकली.

"ही अशीच द्यायची असते," मी म्हणाले. "आधी टाकीच्या पाण्यात विरघळवायची, मग माशांना. पळायची कधी गरजच नव्हती."

"म्हाईत हाय मला. पाकिटावर लिहिलंय की."

"काय! मग रोज 'पळा, पळा' कशाला ओरडायचात?"

"तुमी वळणावर मागं बघायच्या..." तो हातातला पाना फिरवत राहिला. "इथं बसला असता, तर मागं कशाला बघितलं असतं?"

"आणि फ्रीज? तो एवढा चांगला कशाला दिलात?"

"बिघडवून द्यायचं लई मनात आलतं. पण मंग तुमी फ्रीजसाठी आला असता. बिनकामाच्या येता का, ते बघायचं होतं." मग हळूच म्हणाला, "जेवण गोड लागंना मला, ईश्वरी."

"पवन... आवडता तुम्ही मला. लई आवडता."

पाना खाली पडला. कुणीच उचलला नाही.

"आन् आप्पा?" त्यानं विचारलं.

"त्यांना मीच सांगणार."

"भ्या वाटत न्हाई?"

"वाटतंय की. पण बसलेय ना!"

ग्लासातली वडी केव्हाच विरघळली होती. घरी मासे काचेला तोंड लावून वाट बघत असतील. म्हटलं, बघू देत जरा.