ढिला सुटणारा हात

दुपारची भांडी घासून झाली की हर्णैची चांगुणा मनगटावर काळा पट्टा बांधायची, मोबाइल भिंतीला टेकवायची आणि मासे धरायला बसायची. बंदर घरापासून शंभर पावलांवर, आणि ही बाई मासे धरणार मोबाइलवर! शेजारणी फिदीफिदी हसायच्या. हसेनात का! त्या पट्ट्यात तिचा नवरा होता.

म्हणजे त्याचा हात होता. गळाने मासे धरायचे मोबाइल-खेळ तेव्हा ढिगाने निघाले होते, पण या खेळाचा स्पर्शपट्टा मनगटाला दोरीची खरी ओढ द्यायचा. कधी ताणायचं, कधी सैल सोडायचं, तेही हाताला धरून शिकवायचा. खेळाच्या कंपनीने ही विद्या तिच्या नवऱ्याकडून, हिराजीकडून घेतली होती. दोन वर्षं तो हाताची हालचाल नोंदवणारा पट्टा बांधून समुद्रावर गेला. त्या नोंदींवरून संगणकाने खेळातले मासे घडवले आणि हिराजीची ढब उचलली. अभियंते तिला ‘हातवळण’ म्हणत. गेल्या वर्षी वादळात त्याची होडी परतली नाही. देहसुद्धा मिळाला नाही. हातवळण मात्र चाळीस देशांत खपत होतं.

एके दिवशी कंपनीतली मृण्मयी पुण्याहून आली.

“काकी, एक बिघाड सापडत नाहीये. काही मोठे मासे अगदी जवळ आले की हात दोरी ढिली सोडतो. खेळणारे भयंकर चिडतात. हे कशामुळे होतं, आम्हाला कळतच नाही.”

“बिघाड?” चांगुणाचं डोकंच फिरलं. “अगो बाय, बिघाड कसला? ती गाभोळीची मादी असते. अंड्यांनी पोट भरलेली. ती झटके देत नाही, नुसती जड ओढते. तिला हे सोडून द्यायचे.”

“का?”

“मला दिवस गेले तेव्हापासून. भरल्या पोटाची मारायची नाही म्हणाले. सातव्या महिन्यात पोर गेलं माझं. पुन्हा काही कूस उजवली नाही. पण यांचा हात बदलला नाही. सगळं बंदर खुळा म्हणायचं यांना.”

सांगताना तिला केवढा अभिमान वाटत होता! मृण्मयीचे डोळे भरून आले. तरी ‘झटके नाहीत, जड ओढ’ एवढं तिने टिपून घेतलंच. मग चहा पिऊन ती गेली.

दहा दिवसांनी खेळाची नवी आवृत्ती आली. चांगुणाने पट्टा बांधला. जड, संथ ओढ लागली. आता सोडतील, म्हणून तिने डोळे मिटले. पट्ट्याने मनगट आवळलं आणि मासा बाहेर खेचला. मोबाइलमधून टाळ्या वाजल्या. दुसरी मादी आली, तीही खेचली गेली. तिसऱ्या वेळी चांगुणाने स्वतःच हात सैल सोडून पाहिला, तर पट्टा ऐकेना.

तिने मृण्मयीला फोन लावला. “जुनं परत घाल, पोरी. पाया पडते तुझ्या.”

“जुनी प्रत पुसून टाकली, काकी. ठेवा म्हटलं होतं मी, कुणी ऐकलं नाही. बाकी सगळा हात काकांचाच आहे. तेवढंच काढलंय.”

“तेवढंच तर आमचं होतं गं!” चांगुणा हमसून हमसून रडली. मग नाक पुसून तिने विचारलं, “खरं सांग. मी बोललेच नसते, तर तुम्हाला ते सापडलं असतं?”

मृण्मयीच्याने खोटं बोलवेना.

“सांग ना गं. राहिले असते ना ते?”