ग्रिपमधली दुसरी बॅटरी

"ती ग्रिप नका घेऊ."

आवाज शेजारून आला होता, अगदी हळू... दुकानदाराला ऐकू जाऊ नये एवढा. वृषालीनं मान वळवून पाहिलं. निळा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि नजर मात्र समोरच्या काचेच्या कपाटावर, जणू बोलणारा तो नव्हेच!

हैदराबादच्या कोठी भागातल्या त्या गल्लीत कॅमेऱ्याच्या सामानाची दुकानं एकमेकांना चिकटून उभी आहेत. वृषाली पागे सकाळपासून तिथं हिंडत होती. तिला कॅमेऱ्याच्या बुडाशी बसवायची बॅटरी ग्रिप हवी होती. तिच्यात दोन बॅटऱ्या मावतात, कॅमेरा दिवसभर दम धरतो आणि उभा फोटो काढताना मनगट पिरगाळावं लागत नाही. पुढच्या आठवड्यात बेगम बाजारातले मसाल्याचे व्यापारी नामदेवराव यांच्या मुलीचं लग्न होतं, आणि त्याचे फोटो काढायचं काम वृषालीला मिळालं होतं. स्वतःच्या नावावरचं पहिलं मोठं काम! हळदीपासून पाठवणीपर्यंत कॅमेऱ्यानं एकदाही डोळा मिटता कामा नये.

"का नको घेऊ?" तिनं विचारलं.

"सैल बसते. कॅमेरा उभा धरला की हलते, आणि हलली की सगळंच बंद. माझ्याकडं होती."

"तुम्ही पलीकडच्या दुकानाचे वाटतं?"

तो हसला. "कुणाचाच नाही. तुमच्यासारखाच गिऱ्हाईक."

"गिऱ्हाईक दुसऱ्या गिऱ्हाइकाला फुकट सल्ला कशाला देईल?"

तेवढ्यात दुकानदार पुढे झुकला. "क्या हुआ आपा, पसंद नईं आई क्या? बेस्ट माल है, बेफिकर ले लेव."

वृषालीनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. दोघांवरही तिचा सारखाच विश्वास होता. म्हणजे अजिबात नव्हता. गेल्या वर्षापर्यंत ती एका स्टुडिओत नोकरीला होती. तिथल्या एका गोडबोल्या सीनियरनं तिला 'मदत' करत करत तिचे फोटो स्वतःच्या नावावर खपवले. तेव्हापासून कुणी हात पुढे केला की वृषालीच्या कपाळावर आठी पडलीच. तिची आई सरोजताई म्हणायची, "तुला कुणी साधं शुभेच्छापत्र दिलं तरी तू ते उलटून मागची बाजू बघतेस."

"माझ्याकडं कंपनीची ग्रिप आहे, तुमच्याच कॅमेऱ्याची," तो म्हणाला. "मी नवा कॅमेरा घेतला, त्याला ती चालत नाही. चांगल्या बॅटऱ्यांची जोडी आहे आत. कार्यापुरती वापरा."

"आणि बदल्यात?"

"बदल्यात... परत करा."

एवढंच? जगात एवढंच असं काही असतं का? पण सैल ग्रिपचा धोकाही तिला नको होता. "आधी तपासून बघेन," ती म्हणाली. "आणि आत्ता तुमचा एक फोटो काढून ठेवणार. पुरावा म्हणून."

"कशाचा पुरावा?"

"ते अजून ठरलं नाही."

तो मोठ्यानं हसला, आणि नेमका तेव्हाच तिनं फोटो काढला. जाता जाता तिनं त्याच दुकानातून एक स्वस्तातली सुटी बॅटरी मात्र विकत घेतली. वेष्टनावरची अक्षरं पुसट होती. त्यानं नाक मुरडलं. ते दिसलं, म्हणून तर तिनं ती मुद्दाम घेतली.

त्याचं नाव संदेश बिरादार, तोही फोटोग्राफर. त्याचे आजोबा उदगीरकडची शेती भावाकडे सोपवून हैदराबादेत आले ते इथलेच झाले. नामपल्लीला नुमाईश, म्हणजे दरवर्षीचं मोठं प्रदर्शन, भरली होती, तिच्या दारात तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्रिप घेऊन उभा होता.

वृषालीनं ग्रिप उजेडात धरली. स्क्रू फिरवून पाहिला, पितळी टोकं चोळून पाहिली, बॅटऱ्या एकेक करून तळहातावर तोलल्या.

"सोनं पारखायलात का?" त्यानं विचारलं.

"सोनाराला एवढं विचारत नाही मी."

"एक सांगू? ही जोडी मोडू नका. दोन्ही एका जातीच्या, एका वयाच्या लागतात. एक कमजोर पडली की दुसरीलाही घेऊन बसते."

"बघू," ती म्हणाली. तिनं ग्रिप कॅमेऱ्याला बसवली. घट्ट बसली, जराही फट नाही. आता बॅटरी किती टिकते ते पाहायचं तर पुष्कळ फोटो काढायला हवेत, आणि फोटो काढायचे तर समोर कुणीतरी हवं.

मग काय! बांगड्यांच्या झगमगत्या स्टॉलपुढे संदेश. आकाशपाळण्याच्या दिव्यांखाली संदेश. गरम मिर्ची भजी तोंडात घालून डोळ्यांत पाणी आलेला संदेश. कॅमेऱ्याआडून माणसाकडं कितीही वेळ पाहिलं तरी कुणी नावं ठेवत नाही... ही सोय वृषालीला आजवर कधी एवढी मोलाची वाटली नव्हती. त्याच्या उजव्या भुवईत एक बारीक खोक होती. हसायच्या आधी तो क्षणभर खाली बघायचा.

"एवढे फोटो कशाला?"

"बॅटरी तपासतेय."

"बॅटरी तुमच्या हातात आहे. इकडं मी आहे."

"गप्प उभे राहा."

बॅटरी काही संपेना. वृषालीनं तिला दूषण दिलं नाही. उलट परत निघताना तिला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. पण चिक्कडपल्लीच्या आपल्या गल्लीत रिक्षा वळली, तसा एक बारीक काटा तिच्या मनात टोचला. हा मनुष्य स्वतः फोटोग्राफर. एवढा वेळ बरोबर होता, इतकं बोलला... पण लग्न कुणाचं, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. का बरं?

उत्तर मिळालं ते लग्नाच्या आदल्या दिवशी. नामदेवरावांच्या घरी मेंदीचा कार्यक्रम चालला होता. नवरी तेजश्री हात पसरून बसली होती आणि वृषाली त्या हातांचे फोटो काढत होती. तेजश्रीची आत्या सावित्रीबाई शेजारी येऊन बसल्या.

"आमच्या घरचं कार्य म्हणलं की फोटो बिरादाराच्या संदेशचेच असायचे बघ," त्या कौतुकानं म्हणाल्या. "औंदा तेजूनं तुझे फोटो पाहिले आन् हट्टच धरला, हीच पायजे म्हणून. पोराचं तोंड एवढूसं झालं ओ! पर बोलला नाही काही. गुणाचा आहे."

वृषालीचा हात कॅमेऱ्यावरच राहिला.

म्हणजे हे काम त्याचं होतं. ते तिनं घेतलं होतं, आणि त्याला हे ठाऊक होतं! लग्न कुणाचं हे त्यानं विचारलं नाही, कारण विचारायची गरजच नव्हती. मग दुकानातली ती भेट? तो सल्ला, ती ग्रिप, ते... खाली बघून हसणं? ऐन वेळी कॅमेरा बंद पडला, की नामदेवराव पुन्हा कुणाला बोलावणार होते, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

घरी येऊन ती ग्रिप समोर ठेवून बसली. दुसरी ग्रिप आणायला आता सवड नव्हती, आणि एका बॅटरीवर एवढं लग्न निघालं नसतं. शेवटी तिनं बॅटऱ्या बसवायची आतली पट्टी बाहेर ओढली, संदेशची एक बॅटरी काढून पिशवीत टाकली आणि तिच्या जागी दुकानातून आणलेली बॅटरी बसवली. एक त्याची, एक आपली. त्याच्या बॅटरीनं दगा दिला तर आपली सांभाळून घेईल. जोडी मोडू नका म्हणाला होता ना? तो तसंच म्हणणार!

त्याचा फोन आला. "सगळी तयारी झाली?"

"झाली."

"आवाज असा का येतोय?"

"कामात आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला. उशीत डोकं खुपसल्यावर मात्र तिला रडू आलं. ग्रिपसाठी कुणी रडतं का?

लग्न दुपारचं होतं. फंक्शन हॉल झेंडूनं आणि मोगऱ्यानं घमघमत होता. सकाळभर कॅमेरा उत्तम चालला. अंतरपाट धरायची वेळ झाली आणि खांबापाशी वृषालीला तो दिसला. क्रीम रंगाचा कुडता. हातात कॅमेरा नाही. नजर थेट तिच्याकडं.

"तुम्ही इथं?" ती जवळ जाऊन दबक्या आवाजात म्हणाली.

"आमंत्रण होतं. वृषाली, मी तुम्हाला सांगणार होतो की..."

"नंतर. लग्न लागतंय."

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाच्या एका बाजूला तेजश्री खाली मान घालून उभी, पापणीवर एक थेंब अडकलेला. वृषालीनं कॅमेरा उभा धरला, श्वास रोखला, बटण दाबलं...

काळोख.

तिनं कॅमेरा बंद करून चालू केला. पडदा लुकलुकला आणि विझला. पुन्हा तेच. ग्रिप हाताला चांगलीच गरम लागत होती. अक्षता डोक्यावर पडत होत्या, सनईवाला रंगात आला होता, आणि तिच्या हातात एक मुकं यंत्र होतं. ती गर्रकन वळली. तो मागेच होता.

"झालं तुमच्या मनासारखं?"

आवाज जरा मोठाच निघाला. बाजूच्या दोन-तीन बायकांनी वळून पाहिलं. संदेशचा चेहरा पडला, पण त्यानं हात पुढे केला. "द्या इकडं."

"मुळीच नाही!"

"शेवटचं मंगलाष्टक व्हायचंय अजून. वृषाली... द्या."

तिनं दिला. का दिला हे तिला नंतरही सांगता आलं नाही. त्यानं स्क्रू फिरवून ग्रिप सोडवली आणि आतली पट्टी ओढली. ती निघेना. तो अंगठ्यानं हलवत राहिला, आणि पट्टी कचकन बाहेर आली. एका बाजूला त्याची बॅटरी. दुसऱ्या बाजूला दुकानातली, पुसट अक्षरांची... पोट फुगलेली.

त्यानं ती पाहिली. त्यानं ती पाहिलेली वृषालीनं पाहिली. आता बोलेल, ती मनात म्हणाली. आता बोलायलाच हवं यानं.

"काय झालं?" नामदेवराव घाईघाईनं तिथं आले होते. "फोटो येऊलालेत ना?"

"ग्रिप माझी आहे काका, जुनी," संदेश शांतपणे म्हणाला. "तीच बिघडली. हिचं काही चुकलं नाही. झालंच आता."

त्यानं स्वतःची बॅटरी सरळ कॅमेऱ्यात सरकवली. ग्रिप बसवताना तिच्याच खाचेत ठेवलेलं कॅमेऱ्याच्या बॅटरीचं झाकण काढून जागेवर लावलं आणि कॅमेरा तिच्या हातात दिला. पडदा उजळला. बोटांना बोटं लागली, पण त्याकडं लक्ष द्यायला तिला उसंत नव्हती. अंतरपाट सुटला. तेजश्रीनं मान वर केली, समोर पाहिलं आणि रडता रडता हसली. ते हसू वृषालीला मिळालं.

पाठवणी झाली, गाड्या गेल्या. हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर उन्हं कलली होती. आचारी भांडी आवरत होते. संदेश तिथं एकटाच बसला होता. वृषाली त्याच्यापासून थोडं अंतर ठेवून बसली.

"मी बदलली होती," ती म्हणाली. "काल. सावित्रीबाईंनी सांगितलं, की हे काम आधी तुमचं होतं. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम..."

"समजलं मला."

"मग सगळ्यांदेखत माझी चूक स्वतःच्या अंगावर का घेतलीत?"

तो खाली बघत राहिला. या वेळी हसला नाही. "कारण तुमचा संशय अगदीच खोटा नव्हता."

वृषालीनं वळून त्याच्याकडं पाहिलं.

"त्या दिवशी दुकानात मी तुमच्या आधीपासून होतो. नामदेवरावांकडचं लग्न आहे असं तुम्ही दुकानदाराला सांगायलात, ते कानावर पडलं. डोकंच फिरलं माझं. तुम्ही ती सैल ग्रिप उचलली, तेव्हा मनात म्हणलो, घेऊ दे. होऊ दे फजिती. गप्प उभा राहिलो मी... मुद्दाम."

"मग बोललात कशाला?"

"तुम्ही दुकानदाराला विचारलं, 'ऐन अंतरपाटाच्या वेळी ही बंद पडली तर त्या मुलीला तिचा फोटो पुन्हा कुठून आणून देऊ?' आपलं नाव जाईल, काम जाईल, असं नाही म्हणला तुम्ही. त्या मुलीचं म्हणला. तेजू माझ्यासमोर वाढलेली. लाज वाटली मला."

"नुमाईशमध्ये तरी सांगायचंत!"

"सांगणार होतो. सारखा म्हणत होतो, आता सांगतो, आता सांगतो..." तो अडखळला. "पण तुम्ही फोटो काढत होता. सांगितलं असतं, तर तुम्ही कॅमेरा खाली ठेवला असता. आणि मला... तुम्ही माझ्याकडं बघणं थांबवू नये असं वाटत होतं."

आत कुणीतरी पत्रावळी उचलत होतं, त्यांची सळसळ ऐकू येत होती. खरं तर वृषालीनं रागवायला हवं होतं. तो गप्प उभा राहिला होता, हे काही थोडं नव्हतं. पण हे तिला दुसऱ्या कुणी येऊन सांगितलं नव्हतं. त्यानं स्वतः सांगितलं होतं, कुणी विचारलं नसताना, आणि तेही तिची चूक झाकल्यावर. इथं उलटून बघायला मागची बाजूच उरली नव्हती.

"मला चटकन विश्वास ठेवता येत नाही," ती शेवटी म्हणाली. "उद्या पुन्हा काहीतरी शंका येईल. परवाही येईल."

"येऊ दे. आली की विचारा. फोन तेवढा मध्येच ठेवू नका."

तिला हसू फुटलं. सकाळपासून तिच्या पोटात एका चहाशिवाय काही नव्हतं, हे तिला तेव्हा कुठं आठवलं. आतून कढीच्या फोडणीचा वास आला. आचाऱ्यांची आणि वाजंत्र्यांची पंगत बसत होती. फोटोग्राफरांची पंगतही हीच, सगळ्यांत शेवटची.

वृषाली उठली, साडीची धूळ झटकली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"तू जेवलास का?"

त्यानं चमकून वर पाहिलं. "काय म्हणला तुम्ही?"

"जेवलास का, विचारते. मला एकटीला पानावर बसायला आवडत नाही."

मग तिनंच त्याच्या कुडत्याची बाही धरली, त्याला उठवलं आणि पंगतीत आपल्या शेजारी बसवलं. वाढपी आला, तेव्हा तिनं सांगितलं, "आधी याला वाढा."