जेवणाचं गाणं

गंगासागरचं म्हणणं असं, की सिनेमा कसा आहे ते गाण्यावरून कळत नाही, गाणं सुरू व्हायच्या आधीच्या दोन श्वासांवरून कळतं. नायिका उंबऱ्यात उभी आहे, नायक चप्पल घालतोय, कुणी बोलत नाही, मागं कुठंतरी जातं फिरतंय. त्या दोन श्वासांत दिग्दर्शकानं घाई केली, की पुढचं गाणं कितीही गोड असो, तिच्या लेखी सिनेमा नापास.

तिचा सगळ्यात आवडता सिनेमा एका रेल्वेच्या गार्डाचा. लग्नाच्या वर्षी परळीच्या टॉकीजमध्ये नवऱ्यानं, शिवलिंगप्पांनी, दाखवला होता. गार्ड स्टेशनावर डबा उघडून बसतो, शिट्टीवर गाणं सुरू होतं आणि फलाटावरचे सगळे आपापले डबे उघडतात. शेवटची दोन रिळं राहिली आणि वीज गेली. साऱ्या मुलखाला वीज पुरवणारी परळी, आणि तिथंच वीज गेली. शेवट राहिला तो राहिलाच. तेव्हापासून गंगासागरनं त्या सिनेमाला स्वतःचे सहा-सात शेवट लावून पाहिलेत. एकात गार्ड मरतो, एकात त्याची बदली होते. बदलीचा शेवट तिला जास्त पटतो.

कॅसेटींबद्दलही तिची मतं अशीच ठाम. एका भजनी मंडळाची कॅसेट आहे तिच्याकडं. तिच्या दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या आणि चौथ्या भजनाच्या मध्ये पखवाजवाला हळूच विचारतो, ‘चहा आला का?’ मंडळाला वाटलं असेल, माईक बंद आहे. गंगासागरला ती कॅसेट त्या तीन शब्दांसाठीच प्रिय आहे. अख्ख्या कॅसेटीत तेवढाच एक माणूस खराखुरा भेटतो, असं ती म्हणते.

तर अशी ही बाई. वय अठ्ठेचाळीस, शिक्षण सातवी. नांदूरघाटला नवऱ्याचं किराणा दुकान, आणि स्वतः ती सकाळ-संध्याकाळ दूध सोसायटीत दुधाची नोंद करायची. सोसायटीत कॉम्प्युटर आला तेव्हा दुपारच्या रिकाम्या वेळात एकेक बटण दाबून बघत ती गाण्याला गाणं जोडायला शिकली. पहिल्यांदा सगळं गाणं उलटं वाजलं. शिवलिंगप्पांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ही आपली सोलापूरची मावशी का?”

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात सोसायटीनं मागच्या माळावर चारा छावणी उघडली. चारशे जनावरं आणि त्यांच्याबरोबर राहायला आलेली माणसं. कडुनिंबाला दोन कर्णे बांधले आणि ते गंगासागरच्या ताब्यात दिले. ती रोज तीच गाणी, त्याच क्रमानं लावायची. आठ दिवसांत त्या गाण्यांचं घड्याळ झालं. सनईची धून लागली की शेण काढायचं. गवळण लागली की चाऱ्याच्या मोळ्या घ्यायला रांग. आणि दुपारी एकला गार्डाचं शिट्टीचं गाणं लागलं की भाकरी सोडायची. मनगटावर घड्याळ असलेली माणसंही गाण्याशिवाय जेवेनाशी झाली.

दोन गाण्यांच्या मध्ये ती कधी मोकळं ठेवत नसे. कर्णा गप्प झाला की लोकांना वाटतं लाईट गेली, आणि दहाजण उठून बघायला येतात. म्हणून ती तिथं एक जोड टाकायची. दोन हजार दोन साली नवा टेपरेकॉर्डर आला तेव्हा ती गावभर आवाज टिपत फिरली होती: ताक घुसळणं, पिठाची गिरणी, एसटीचा दरवाजा. तेच हे जोड. सनई आणि गवळण यांच्या मधला जोड सोसायटीच्या विहिरीचा होता. भिवराबाई पोहरा सोडतेय, रहाट घरघरतो, एक, दोन, तीन, चार, आणि डुबुक. पाचव्याला गवळणीची ढोलकी. ते बसवायला तिला दोन दुपारी लागल्या होत्या.

ती विहीर आता कोरडी होती. टँकर येईल तेवढंच पाणी. म्हणून सोसायटीनं ती खोल करायला काढली होती. क्रेन शुक्रवार संध्याकाळपर्यंतच मिळालेली, शनिवारी ती दुसऱ्या गावाला जाणार. माजलगावच्या कारखान्याचं गाळप यंदा उसाअभावी लवकर आटपलं आणि ऊसतोडीला गेलेला सुग्रीव चार गडी घेऊन परत आला होता. तेच पाचजण खाली उतरायचे. विहिरीच्या कडेनं बावीस दगडी पायऱ्या होत्या. त्या संपल्या की त्यांचं काम सुरू. क्रेनच्या आवाजात खाली गाणं धड पोचायचं नाही, म्हणून सुग्रीव दुपार झाली की तळातून वर तोंड करून ओरडायचा, “गाणं लागलं का वो?” वरून कुणीतरी “लागलं” म्हटल्याशिवाय तो घण खाली ठेवायचा नाही.

सोमवारी सकाळी जोड वाजला आणि डुबुकनंतर गवळण उशिरा आली.

फार नाही, एका आकड्यानं. चारशे जनावरांच्या गोंधळात ते कुणाला कळणार. पण गंगासागरला भाजीत मीठ विसरल्यासारखं झालं. कडुनिंबाखाली म्हशीला खाजवत बसलेली भिवराबाई मात्र म्हणाली, “गंगासागर, तवा पाणी लई खाली गेलतं गं. ह्यात तर लगीच लागलं की.”

“तुमचे हात तवा चपळ असतील, मावशी.”

“चपळ तर आताबी हायेत. बघायचंय का?”

दुपारी तिनं कॉम्प्युटरवर तो आवाज उघडून मोजला. रहाटाची घरघर, एक, दोन, तीन, डुबुक. फाईलची तारीख तीच, तिनं भरली त्या दिवसाची. कॉम्प्युटरनं काहीतरी खाल्लं असेल, असं म्हणून तिनं एका आकड्याची भर घातली आणि विषय मिटवला.

बुधवारी दोनच आकडे निघाले.

आता तिनं घरी जाऊन मूळ कॅसेट काढली. डोक्यानं ती सरळ बाई होती. टेप ताणली गेली तर आवाज लांबतो, आखडत नाही. आणि वेग वाढला असता तर रहाटाचा सूर चढला असता. सूर तोच होता, मागं ओरडणारा कावळाही तोच, त्याच जागी. फक्त पोहऱ्याला पाणी लवकर भेटत होतं. कॅसेटीतही दोनच आकड्यांत.

तिनं शिवलिंगप्पांना ऐकवलं. त्यांनी गुळाच्या ढेपेवरच्या माश्या हाकत दोनदा ऐकलं.

“म्हणजे पाणी वर येतंय म्हण की.”

“कॅसेटीत, अप्पा.”

“ह्या दुष्काळात एक तरी विहीर भरतीय. भरू दे.”

ती हसली. पण रात्रीची भाकरी करताना तव्याकडं बघत ती आकडे मोजत होती.

गुरुवारी एक.

शुक्रवारी सकाळी तिनं गाणी लावली तेव्हा सुग्रीव डोक्याला टॉवेल बांधून विहिरीकडं निघाला होता. जाता जाता त्यानं विचारलं, “काकू, आज शेवटचा दिस. जेवायचं गाणं जरा उशिरानं लावा, दोन फूट जास्ती निघतील.”

“बरं. आणि डब्यात काय आणलंय?”

“ठेचा.”

“कालबी ठेचाच होता.”

“काल हिरवा होता, काकू. आज लाल.”

तो हसत खाली उतरला. एकेक करून चौघं त्याच्या मागं गेले. पावणेअकराला चारा उतरला आणि सनई संपली.

रहाट वाजलाच नाही. नुसतं डुबुक.

गंगासागर हातात माईक धरून उभी राहिली. गवळण सुरू झाली, रांग लागली, मोळ्या निघाल्या. भिवराबाई म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तिच्याकडं बघत होती. म्हशीला खाजवायचं ती विसरली होती. आठवड्यात पहिल्यांदाच.

गाणं कोणतं, याला गंगासागरच्या लेखी फारशी किंमत नव्हती. कशानंतर काय येतं, हा तिचा सगळा जन्माचा अभ्यास. आणि त्या डुबुकनंतर काय येतं हे तिला माहीत नव्हतं. खाली पाच माणसं होती एवढंच माहीत होतं.

माईकवर काय सांगायचं? एप्रिलात, खडखडीत विहिरीत पाणी येतंय, कॅसेट म्हणतेय? सोसायटीचे चेअरमन मोहनराव क्रेनपाशी मिनिटामिनिटाला घड्याळ बघत उभे होते. गडी एकमेकांना कोपरानं ढोसत हसले असते आणि खालीच राहिले असते.

तिनं गवळण अर्ध्यात तोडली. तिच्या हातून असं पाप कधी झालं नव्हतं. आणि अकराला पाच कमी असताना शिट्टीचं गाणं लावलं.

साऱ्या छावणीनं भाकरी सोडली. कुणी वर बघितलं नाही, कुणी ऊन किती चढलंय ते पाहिलं नाही. गाणं लागलं म्हणजे जेवायचं. क्रेनवाल्यानंही इंजिन बंद करून डबा काढला.

मोहनराव तेवढे तरातरा आले. “वैनी, अकरा वाजायचेत अजून. हे काहून लावलं?”

“तुमचं घड्याळ मागं पडलंय, भाऊ.”

“माझं घड्याळ?”

“लोकांना इचारा की. सगळे जेवतायत.”

मोहनरावांनी लोकांकडं बघितलं. मग घड्याळाकडं बघितलं आणि ते कानाला लावलं.

गंगासागर विहिरीच्या काठाशी गेली. चौघं पायऱ्या चढत होते. शेवटचा तळाशी होता, एवढासा दिसत होता.

“गाणं लागलं का वो?”

“लागलं. ये वर.”

“आज गाण्यालाच लवकर भूक लागली म्हणायची. एवढी पहार काढतो अन् येतो.”

“पहार राहू दे, सुग्रीव.”

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे. त्यानं पहार सोडली. तो पायऱ्या चढू लागला आणि ती मोजू लागली. बाविसाव्या पायरीला तिनं त्याचा दंड धरला आणि कडुनिंबापर्यंत सोडला नाही.

“काकू, हात सोडा. ठेचा कसा खाऊ?”

त्याचा पहिला घास तोंडात गेला तेव्हा मागं आवाज झाला. नवी मांजरपाटाची चादर टर्रकन फाडावी तसा. मग बराच वेळ काही नाही. मग जनावरं उभी राहिली, चारशेच्या चारशे, आणि सगळ्यांनी तोंडं विहिरीकडं केली.

लोक पोचले तोवर गड्यांची खाली राहिलेली वेताची टोपली पाण्यावर फिरत होती. आठ पायऱ्या बुडाल्या होत्या. दिवस मावळेपर्यंत चौदा.

त्या संध्याकाळी छावणीत जे झालं त्याला जत्राच म्हणायला पाहिजे. शिवलिंगप्पांनी दुकानातली गुळाची ढेप आणून फोडली. मोहनरावांनी क्रेनला हार घातला आणि क्रेनवाल्याला विसरले. भिवराबाईनं स्वतः पहिला पोहरा काढला, हात चपळ असल्याचं सगळ्यांना दाखवलं आणि म्हशीला आंघोळ घातली. सुग्रीव पाच-पन्नास जणांना सांगत होता, “भुकेनं वाचवलं बे मला.” गाणं लवकर लागलं होतं याची आठवण फक्त मोहनरावांना राहिली. ते घड्याळ दुरुस्तीला टाकून आले.

शनिवारी सकाळी गंगासागरनं भीत भीत जोड ऐकला. रहाट घरघरला. एक, दोन, तीन, चार, डुबुक. सगळं जागच्या जागी. तिला इतकं हलकं वाटलं, की तिनं तो तिथं न तोडता पुढंही वाजू दिला. पुढं काय होतं ते तिला पाठ होतं. दोर ओढल्याचा आवाज, मग भिवराबाईचं हसणं.

दोर कुणी ओढला नाही.

कावळा एकदा ओरडला. मग कितीतरी वेळ नुसतं पाणी भिंतीला लागत होतं. आणि मग अगदी तळातून, वर तोंड करून, कुणीतरी विचारलं,

“गाणं लागलं का वो?”

अकरा वर्षांपूर्वीची कॅसेट. तेव्हा सुग्रीव शाळेत जात होता. हा आवाज बाप्या माणसाचा होता. खिडकीबाहेर सुग्रीव बैल धूत होता, बैलाला शिव्या देत होता.

तिनं कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी अकराला पाच कमी असताना तिनं शिट्टीचं गाणं लावलं. माईक हातात घेऊन हळूच म्हणाली, “लागलं. ये वर.”

तेव्हापासून ते गाणं दोनदा लागतं, अकराला आणि एकला. छावणीनं कुरकूर केली नाही. दोनदा खायला कुणाची ना असते? दुपारी एकटी असताना ती कॅसेट लावते. आता डुबुकनंतर कुणी काही विचारत नाही. ओल्या पायाचा आवाज येतो, दगडावर. पहिल्या दिवशी एकदाच आला. दुसऱ्या दिवशी दोनदा. मध्ये तो माणूस दम खात असावा, कारण एक दिवस तसाच गेला.

काल तिनं एकवीस मोजले.

आज सकाळी तिनं भिवराबाईला एक भाकरी जास्तीची थापायला सांगितली.

“कुणासाठी गं?”

“सुग्रीवसाठी,” गंगासागर म्हणाली, आणि लाल ठेच्याची वाटी पुढं सरकवली.

सुग्रीव समोरच बसून जेवत होता.