केतकीचे हिवाळे

इरावतीने बिळांत आठ महिने निजून राहणाऱ्या पहाडी खारींच्या रक्तातून मंदिनी वेगळी काढली. तिची लेक वेणुमती हिने ती माणसांना पाजण्याचा कायदा केला. वेणुमतीची लेक सौदामिनी हिने राष्ट्राच्या निद्रागृहावर, म्हणजे मंदिनी बनवून घरोघर वाटणाऱ्या खात्यावर, हयातभर हुकूम चालवला. शाल्मली ही सौदामिनीची लेक. अशा घरच्या मुलीवर कोणाचे ऋण असूच शकत नाही, असे तुंगालीत समजले जाई.

तुंगाली हा देश ओंजळीएवढा. त्याला समुद्र नाही, बंदर नाही. चहूबाजूंना शिखरे आणि बाहेर जायला एकच खिंड. ती आठ महिने बर्फाखाली गडप होई. चार महिन्यांत पिकणारे सातू तेवढ्या काळाला पुरत नसत आणि दर हिवाळ्यात माणसे मरत. मंदिनीने ते थांबवले. हा द्रव पोटात गेला की शरीराचा चयापचय, म्हणजे अन्न जाळून ऊर्जा मिळवण्याचा व्यवहार, जवळजवळ थंडावतो. देह गार पडतो, हृदय मिनिटाला दोनतीनदाच हलते, भूक म्हणून लागत नाही. खिंड बंद झाली की अवघा देश निजे.

मात्र प्रत्येक घरात एकाला जागावे लागे. निजलेल्यांची कूस बदलायची, त्यांचे ओठ ओले करायचे, शेगडी अशी राखायची की रक्त गोठू नये आणि देह तापूही नये. हे काम करणारीला जागती म्हणत. दर हिवाळ्याला जागती बदले, आणि त्याला सबळ कारण होते. निजलेल्या देहाच्या पेशी झिजत नाहीत. जागणाऱ्याचे वय मात्र चालूच राहते. म्हणून तुंगालीत वय जन्मापासून मोजत नसत, जागेपणीचे तेवढेच मोजत. त्याला जागवय हे नाव होते. मान, आसन, हाक मारण्याची रीत, सारे जागवयावरून ठरे.

सौदामिनी निवर्तली त्या वर्षी, बर्फ वितळल्यावर भरणाऱ्या सभेत, शाल्मली तरुण बायकांच्या रांगेत बसली. तिची सख्खी बहीण केतकी, जन्माने दोन वर्षांनी धाकटी, गुडघ्यावर हात टेकत पिकल्या केसांच्या रांगेकडे निघाली. त्या घरातले तीस हिवाळे केतकी एकटी जागली होती.

"सावकाश, ताई," शाल्मली म्हणाली. रिवाजाप्रमाणे आता तिनेच केतकीला ताई म्हणायचे होते.

"ताई काय म्हणतेस! माझी वेणी ओढून जर्दाळू पळवायचीस, ते विसरले नाही मी."

आसपासच्या बायका हसल्या. शाल्मलीला हसू आले नाही.

घरी आल्यावर तिने विषय काढला. "यंदा मी जागणार. तू मंदिनी घ्यायचीस."

"तू? तुला शेगडी पेटवता येते का? परवा दूध उतू घालवलंस आणि वर भांड्याला बोल लावलास."

"शिकेन. जितके हिवाळे तू जागलीस, तितके मी जागेन."

"म्हणजे मी पुन्हा तरुण होईन?"

शाल्मली मंदिनीची संशोधक होती. तान्ह्या मुलांनाही सोसेल अशी मंदिनी तिनेच सिद्ध केली होती. या विषयात खोटे बोलणे तिला जमले नाही. "नाही. मंदिनी पुढची झीज रोखते. झालेली झीज भरून देत नाही."

"मग मला काय मिळालं? तू म्हातारी होणार, एवढंच ना? याला फेड म्हणतेस होय गं?"

"दुसरं काही माझ्या हातात नाही." शाल्मली म्हणाली. "केतकी, तू आपणहून जागत होतीस ना? आई तसं सांगायची."

केतकी निखारे सारखे करू लागली. "आई सांगायची ते बरोबरच असायचं," ती म्हणाली.

सौदामिनीचा निर्णय साऱ्या घराला पाठ होता: शाल्मलीची बुद्धी ही देशाची ठेव आहे, तिचे वय शेगडीपाशी खर्ची घालायचे नाही. निद्रागृहाची प्रमुख म्हणून सौदामिनीला जागण्याची माफी होती, उरली केतकी. केतकीला काय वाटते, हे विचारण्याचे धैर्य शाल्मलीला एकाही शरदात झाले नव्हते. विचारले नाही, म्हणूनच तर मंदिनीचा पेला तिला सुखाने रिता करता येई.

त्या वर्षी तो पेला तिने बहिणीच्या ओठांना लावला.

पहिल्याच हिवाळ्यात तिला कळले की जागतीला थंडीहून शांतता अधिक छळते. माणसाचा शब्द कानी पडावा म्हणून ती मोठ्याने सूत्रे म्हणत बसे. केतकीची कूस बदलताना तिच्याशी बोले आणि उत्तराची वाट पाहत राही. संशोधन मागे पडले. विद्यापीठाने विनवले, देशाचे नुकसान होते आहे असे बजावले. शाल्मली बधली नाही. वर्षामागून वर्षे तिचे केस पांढरे होत गेले, आणि निजलेल्या केतकीच्या चेहऱ्यावर फारशी नवी सुरकुती उमटली नाही.

अखेरचा हिवाळा सरला. शाल्मलीने शेगडी वाढवली आणि केतकीचे तळवे चोळले. मंदिनीतून उठणाऱ्याच्या स्मृती क्रमाने उजळतात: जुन्या आधी, ताज्या मागाहून. अधूनमधून एखादी फार जुनी आठवण क्षणभर वर्तमानाची जागा घेते.

केतकीने डोळे उघडले. समोर पांढऱ्या केसांची, ताठ मानेची बाई पाहून तिने अंग आक्रसून घेतले.

"आई, नको ना," ती लहान मुलीसारखी म्हणाली. "यंदा तरी शाल्मलीला जागू दे. मला एकटीला फार भीती वाटते. मी ओरडले तरी तुम्ही कोणी उठत नाही."

शाल्मलीने आईच्या करड्या आवाजात सांगितले, "यंदा शाल्मली जागेल. तू नीज."

"खरंच?" केतकीने विचारले, आणि समाधानाने डोळे मिटले.

दुपारी ती पुरती जागी झाली तेव्हा यातले तिला काहीच आठवत नव्हते. सभेने दोघींची आसने एकाच रांगेत मांडली आणि तीस हिवाळ्यांचे ऋण पूर्ण फिटल्याचे जाहीर केले. लोक आदराने उठून उभे राहिले. शाल्मली मान खाली घालून बसली होती. शेजारच्या आसनाकडे वळून पाहणे तिला शक्य झाले नाही.