चढावरचा फॉल्ट

“तीस अँपिअरचा फ्यूज आहे का?”

ती एका टेम्पोच्या डॅशबोर्डखाली आडवी झाली होती. तिथूनच तिने विचारलं, “कशाला?”

“पंधराचा उडाला. मग वीसचा घातला, तोही उडाला. म्हटलं, जरा दणकट घालून बघू.”

आता मात्र ती बाहेर आली. दारात एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. खिशात स्टेथोस्कोप कोंबलेला, केस धुक्याने ओलसर, आणि चेहऱ्यावर इतका भाबडा भाव, की रागवावं की हसावं तेच तिला कळेना.

“डॉक्टर दिसताय. पेशंटचा ताप चढला की मोठा थर्मामीटर लावता का?”

“माझे पेशंट तक्रार करत नाहीत. फार तर लाथ मारतात. मी गुरांचा डॉक्टर आहे.”

कोपऱ्यात स्टुलावर बसलेले तिचे बाबा खो खो हसले. दुकान त्यांचं, पण त्यांची नजर अधू झाल्यापासून काम तीच बघायची. गाडीच्या वायरिंगमध्ये तिचा हात धरणारं आसपास दुसरं कोणी नव्हतं, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

“तीसचा मिळणार नाही,” ती म्हणाली. “फ्यूज बिचारा स्वतः जळून तुमची गाडी वाचवतोय. मोठा घातलात तर वायरच पेटेल. बोनेट उघडा.”

बोनेट उघडलं आणि ती बघतच राहिली. पठ्ठ्याने बंपरवर दोन जादा दिवे स्वतःच बसवले होते. काळी वायर जिथून जाईल तिथे दर चार बोटांवर दोऱ्याची गाठ – एकसारखी, घट्ट, सुबक.

“हे टाके कोणी घातले?”

“मीच. सगळं पुस्तक वाचून केलंय.” आवाजातला अभिमान काही लपत नव्हता. “सोमवारी टेकड्यांपलीकडच्या दवाखान्यात रुजू व्हायचंय. तिकडे भरदुपारी धुकं असतं म्हणे. दिवे नसले तर रस्ताच दिसायचा नाही.”

तिने पंधराचा नवा फ्यूज घातला. दिवे झकास लागले. अर्धा तास जळत ठेवले, तरी फ्यूजला काही झालं नाही. डॉक्टर आभार मानून गेला आणि दुसऱ्या दिवशी उडालेला फ्यूज हातात घेऊन परत आला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तर बाबांनी तो यायच्या आधीच चहा तीन कप टाकायला सांगितला.

ती वायर तपासायची, आणि तो पालथ्या खोक्यावर बसून तिला पक्कड द्यायचा – मागितलेला असायचा पाना. एका म्हशीने त्याचं घड्याळ कसं गिळलं, ते त्याने असं रंगवून सांगितलं की तिच्या हातातला टेस्टर खाली पडला. आणि तिनेही त्याला जे कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं... दुकानात येणारा प्रत्येक जण तिच्याकडे बघून ‘मिस्त्री कुठे आहेत?’ असं विचारतो, आणि दरवेळी तिच्या डोक्यात तिडीक जाते.

“मला कळलंच नाही असं काही विचारायचं असतं ते,” तो म्हणाला. “तुमच्या कानावर पेन्सिल होती आणि हाताला ग्रीस. मिस्त्री समोर दिसत असताना आणखी शोधायचा कुठे?”

त्या वाक्यावर ती कायमची फसली. रात्रभर कूस बदलत राहिली. फॉल्ट सापडत नव्हता याची लाज वाटत होती, आणि सापडला तर तो निघून जाईल म्हणून जीव खालीवर होत होता.

शनिवारी बाबाच म्हणाले, “दुकानात उडत नाही, रस्त्यावर उडतो. मग दुकानात काय शोधतेस बाळ? बल्ब लाव आणि फिरून या दोघं.”

तिने दोन्ही दिव्यांचे प्लग काढले. फ्यूजच्या जागी लांब वायर जोडून तिच्या टोकाला एक बल्ब लावला, आणि वायर खिडकीतून आत घेऊन तो मांडीवरच्या स्टीलच्या पेल्यात ठेवला.

“एरवी हा विझलेलाच राहील,” तिने समजावलं. “वायर कुठे पत्र्याला लागली की पेटेल. पेटला की मी सांगते, तुम्ही थांबायचं.”

“जशी आज्ञा, मिस्त्री.”

सपाट रस्त्यावर बल्ब गप्प होता. गाव मागे पडलं, धुकं दाटलं, पहिला चढ आला. इंजिनाने जोर लावला... आणि बल्ब लख्ख पेटला.

तिला तिथल्या तिथे उलगडा झाला. चढावर इंजिन हलतं. डॉक्टरने वायर इंजिनाच्या नळीला करकचून बांधली होती. ती ताणली जाऊन पत्र्याच्या धारेवर घासत होती. चार दिवस छळणारा फॉल्ट अखेर सापडला होता. आता फक्त ‘थांबा’ म्हणायचं होतं.

तिने बल्बावर तळहात धरला.

दुसऱ्या चढावर पुन्हा हात धरला, आणि चांगलाच चटका बसला. तो शेजारी कुठल्याशा वासराची गोष्ट सांगत होता. तिसऱ्या चढावर मात्र धुकं इतकं झालं की काचेपलीकडे काही दिसेना, आणि तिच्या डोळ्यांसमोर तो अशाच रस्त्यावर एकटा दिसला – दिवे गेलेले, समोर वळण.

“थांबा,” ती म्हणाली. “सापडला.”

कडेला गाडी लावून तिने त्या सुंदर गाठी कापल्या, सोललेल्या जागी टेप गुंडाळली, पत्र्याच्या धारेवर रबर बसवलं आणि वायर पुन्हा सैल बांधली. “वायरीला थोडी ढील लागते, डॉक्टर. इंजिन हलतं.”

“आमच्यात टाका ढिला ठेवला तर जखम उघडते.” तो हसला. मग त्याचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. त्याने तो अलगद आपल्या हातात घेतला आणि फुंकर घातली. “हा चटका कधीचा?”

खोटं बोलायचा तिने विचार केला, पण जमेना.

“पहिल्याच चढावर पेटला होता. मी झाकला. फॉल्ट दिसत असताना गाडी चालू दिली... बाबांना कळलं तर दुकानात उभं करणार नाहीत. पण सापडला म्हटलं की तुम्ही जाणार. आणि मला तुम्ही जायला नको आहात. झालं, बोलले एकदाचं.”

तिला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं.

“मला काचेत दिसला होता,” तो हळूच म्हणाला. “तिन्ही वेळा.”

“मग... थांबला का नाहीत?”

“मिस्त्रीच काही बोलेना, म्हटलं आपण कशाला बोला! त्या वासराचं पुढे काय झालं तेसुद्धा मला माहीत नाही. मनाने रचत होतो.”

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. दिव्यांचे प्लग लावले, पंधराचा फ्यूज बसवला. दोन पिवळे झोत धुक्यात लांबवर गेले आणि तसेच राहिले.

“सोमवारी जावंच लागेल मला,” तो म्हणाला. “पण दर रविवारी येईन. उद्या बाबांशी बोलू?”

“उद्या कशाला? गाडी वळवा.”

“काय सांगायचं त्यांना?”

“खरं तेच. आधी विचारतील फॉल्ट कुठे होता. मग बाकीचं.”

परतीचा सगळा उतार डॉक्टरने दुसऱ्या गिअरमध्ये काढला. गिअर बदलायचा तर तिचा हात सोडावा लागला असता.