दुसऱ्या रिमोटवरचा गडी

गंगाखेडात गोपीचंदच्या दुकानावर पाटी होती टीव्ही-मिक्सर दुरुस्तीची, पण त्याचा जीव अडकलेला भलत्याच कामात. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी टीव्हीला जोडून खेळायचे ते व्हिडिओ गेम आठवतात का? वरच्या खोबणीत कॅसेट खोचायची, चित्र आलं नाही तर काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. तर ह्या बाबाला तसल्या कॅसेटी घरी बनवायचा नाद. त्यातही बाजारात आलेले गेम नकोत. कंपनी बुडाली, मालकाचं डोकं फिरलं, म्हणून जे गेम दुकानात कधी आलेच नाहीत, ते इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे, चिपवर लिहायचे आणि जुन्या कॅसेटीच्या पोटात बसवायचे. पुण्या-नाशिककडचे हौशी लोक त्या मागवून घेत. त्याची बायको पंकजा कपाळावर हात मारून म्हणायची, जे जन्मालाच आलं नाही त्याचं बारसं करायची हौस आहे ह्यांना.

ह्या उद्योगाला जुन्या कॅसेटी लागत, आणि त्या पुरवायचा रंगनाथ भंगारवाला. आखिती, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर आली होती. गोपीचंद रंगनाथकडे गेला होता मिक्सरचं एक भांडं शोधायला, आणि आला तो एक पिवळी कॅसेट घेऊन. भांडं राहिलंच. घरी येऊन त्यानं कॅसेट उघडली. आतल्या बाजूला कुणीतरी कंपासच्या टोकानं नाव कोरलं होतं : बालाजी चंद्रभान. असेल कुणी पोरगं, असं म्हणून त्यानं चिप उपसून काढली.

ह्या चिपच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असते. तिच्यावर कडक ऊन धरलं की आतलं जुनं लिखाण उडून जातं आणि चिप कोरी होते. मोठ्या गावात त्यासाठी वेगळा दिवा घेतात. परभणी जिल्ह्यात वैशाखाचं ऊन फुकट असताना दिवा कोण घेतो? गोपीचंद चिपा नेऊन गच्चीवर ठेवायचा, त्याही पंकजाच्या कुरडयांच्या परातीत. ह्यावरून दरवर्षी भांडण ठरलेलं. एखाद्या पाहुण्यानं तळलेली चिप चावली म्हणजे कळेल, असं ती म्हणायची, आणि तिचं काही चूक नव्हतं.

आखितीला पितरांना जेवू घालतात. पंकजानं पुरणपोळी, आमरस, कटाची आमटी असं सासऱ्यांच्या नावाचं ताट वाढून गच्चीवर नेलं. सासरे जिवंतपणी जेवायला उशिरा यायचे, मेल्यावरही सवय गेली नव्हती. कावळा लवकर शिवायचाच नाही. दर आखितीला गोपीचंदनं भर उन्हात हात जोडून उभं राहायचं आणि अण्णा, हे करतो, अण्णा, ते करतो, असं कबूल करत बसायचं. ह्या खेपेला कठड्यावर जागा नव्हती. सगळीकडे परातीच पराती. वैतागून पंकजानं ते ताट परातीतच ठेवलं, त्या पिवळ्या कॅसेटीच्या चिपेला लागून. दोघं पाणी आणायला खाली गेले आणि वर आले, तर ताट मोकळं.

चोचीनं विस्कटलेलं नव्हतं. पार चाटूनपुसून लख्ख केलेलं. आभाळात कावळा नव्हता, गच्चीवर मांजर नव्हतं. उन्हाची झळ तेवढी कठड्यावर थरथरत होती. सासरे सुधारले म्हणून पंकजा खूश झाली. गोपीचंदला कसंसंच वाटलं, पण हात जोडायचे वाचले ह्याचाच आनंद मोठा होता.

चिप कोरी झाली. तिच्यावर त्यानं नाशिकच्या गिऱ्हाइकानं मागितलेला गेम लिहिला. त्यात दोन भाऊ डोंगर चढतात, एक लाल सदऱ्याचा, एक निळ्या. एकानं हात दिल्याशिवाय दुसरा वर जात नाही, म्हणून खेळायला दोन माणसं लागतातच. कॅसेट जुळवून त्यानं माडीवरच्या जुन्या डबा टीव्हीला लावली आणि लेकीला, पिंकीला, बसवलं. शाळेला सुट्टी होती, आणि नवी कॅसेट तपासायचा मान तिचाच.

पोरगी गुणाची, पण जेवणाच्या बाबतीत आईबापाचा अंत पाहायची. पानात काहीही वाढा, आधी कोथिंबिरीचं पान न् पान वेचून ताटाच्या काठाला ओळीनं लावायची, मग पहिला घास. पंकजानं दटावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, कोथिंबीर वाटून घालून पाहिली. वाटलेली असली तर वासावरून ओळखून ताटच सरकवायची. जिवाला वैताग नुसता.

तिला लाल रिमोट देऊन गोपीचंद म्हणाला की गिऱ्हाईक गेलं की निळा घ्यायला मी येतोच. गिऱ्हाईक चिवट निघालं. तो वर आला तेव्हा दोन्ही भाऊ अर्धा डोंगर चढून गेले होते.

"कुणासंगं खेळायलीस गं?"

"ह्याच्यासंगं," पिंकीनं पडद्यावरच्या निळ्याकडे बोट केलं. निळा रिमोट जमिनीवर पडला होता आणि त्याची बटणं हलक्या आवाजात टिक-टिक करत होती.

गोपीचंदला पहिल्यांदा भीती नाही वाटली, संताप आला. सोल्डर कुठंतरी चिकटलं असणार! त्यानं कॅसेट उघडून सगळे टाके नव्यानं मारले. टिक-टिक चालूच. रिमोट बदलला, मग वायरच उपटून काढली. निळा तरीही वाकून लाल्याला हात देतच होता. नाशिकवाल्याला विचारलं, तर त्यानं उलट सुनावलं की असलं काही ह्या गेमात नाही, तुमचं काम कच्चं आहे. गोपीचंदनं तो दिवस दुकानात येईल त्याच्यावर खेकसून काढला.

मग सुरू झाला जेवणाचा तमाशा. पंकजा खालून हाका मारून थकायची, आणि वरून एकच उत्तर, एकच डाव, मम्मी. शेवटी ती ताट वरच नेऊन द्यायची. ताट परत यायचं ते चाटूनपुसून, काठावर कोथिंबिरीचं एक पान नाही. पोरगी कोथिंबीर खाऊ लागली, म्हणून पंकजानं शेजारणीलाही कौतुकानं सांगितलं. पण आंघोळ घालताना तिच्या लक्षात आलं की पोरीच्या फासळ्या दिसायला लागल्यात. झगा खांद्यावरून गळत होता. ताट रोज रिकामं, आणि पोरगी रोज वाळत चाललेली. डॉक्टरनं टॉनिक लिहून दिलं आणि वर, मुलांच्या हातात मोबाइल देऊ नका, म्हणून भाषण दिलं.

गोपीचंदनं कॅसेट काढून कपाटात कोंडली. पिंकी काळ्या पडद्यासमोर तशीच बसून राहिली, बोटं रिमोटवर हलत होती.

"आता कुणाचा डाव चाललाय?" त्यानं चिडून विचारलं.

"त्याचा... तो एकटाच हाय पप्पा. मी उठले तर पुन्हा एकटा पडंल."

तेव्हा गोपीचंदला गच्चीवरचं ताट आठवलं, आणि त्याच्या शेजारची चिप. पोर हातची जाते आहे, हे त्याला त्या क्षणी स्पष्ट कळलं. तो तसाच उठून रंगनाथकडे गेला. पिवळी कॅसेट कुठून उचललीस ते विचारलं आणि सोनपेठच्या अलीकडची एक वस्ती गाठली.

बालाजीचा बाप चंद्रभान घरी नव्हता. त्याची बायको सुमनबाई अंगणात सरपण फोडत होती. कॅसेटीचं नाव काढल्याबरोबर तिच्या हातातली कुऱ्हाड खाली आली. नवऱ्यानं तिला न विचारता ती भंगारात घातली होती, आणि तेव्हापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. बालाजी तिचा एकुलता एक. दोघं नवराबायको ऊसतोडीला कारखान्यावर गेले, पोराला चुलत्यापाशी ठेवलं. चुलत्याकडं टीव्ही होता. पोराला ताप भरला, आणि खेळण्यात गुंगलेलं पोर तापलंय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. निरोप पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

"एकच डाव, एकच डाव म्हणायचा," ती म्हणाली. "जेवाय ऊठ म्हणणारं कुणी न्हवतं तिथं. आखितीला मी त्या कॅसेटीपाशी ताट ठिवायची, भाऊ. औंदा कॅसेट न्हाई... ताट तसंच राहिलं. मुंगीबी लागली न्हाई त्याला."

गोपीचंदनं मान खाली घालून आपल्या गच्चीवरचं ताट सांगितलं. सुमनबाईनं कुऱ्हाड उचलून भिंतीला लावली.

"तुमी त्याला जेवाय घातलं," ती म्हणाली. "ज्यानं जेवाय घातलं त्याचं घर धरलं लेकरानं. चला, मी येते."

ती आली ती भर दुपारची. बाजारपेठेची शटरं खाली ओढलेली, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. माडीवर खिडक्यांना ओली पोती लावलेली, त्यांचा कुबट वास आणि कूलरची घरघर. त्या अंधारात पडद्याचा उजेड पिंकीच्या तोंडावर हलत होता. कॅसेट कपाटातून काढून पुन्हा लावली होती, सुमनबाईनंच तसं सांगितलं होतं. तिनं लुगड्याच्या पदरातून भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा काढला, ताटात वाढला आणि पोरीच्या पाठीमागं बसली.

"बाळा... जेवाय चल," ती म्हणाली.

टिक-टिक चालू राहिली. तिनं पुन्हा हाक मारली, मग डोळे पुसत पुन्हा. तेवढ्यात लाइट गेली. कूलर घरघरत थांबला. टीव्ही मात्र चालूच राहिला. दारात उभ्या पंकजानं नवऱ्याचा दंड घट्ट धरला. त्या शांततेत पिंकीचे ओठ हलले, आणि कुणाचा ते सांगता येऊ नये असा आवाज आला.

"एकच डाव..."

आणि सुमनबाई भडकली. इतक्या वर्षांचं रडू होतं ते कुठल्या कुठं गेलं, आणि आईचा जुना, रोजचा वैताग वर आला.

"एकच एकच म्हणून किती जीव खाशील रे माझा? भाकर गार झाली. उठतोस का घालू धपाटा पाठीत?"

टिक-टिक थांबली. पडद्यावरचे दोघं भाऊ डोंगराच्या मधोमध उभे राहिले. मग त्यातला एक वळला, कडेकडेनं चालत गेला आणि पडद्याबाहेर पडला. गोपीचंदला एवढंच पुरे होतं. त्यानं झेप घेऊन कॅसेट उपटली. कोणत्या रंगाचा सदरा बाहेर गेला, ते त्यानं पाहिलं नाही. पंकजा दारातून धावत आली, तशी पिंकी तिच्या अंगावर कलंडली आणि म्हणाली, भूक लागली. पंकजा तिला छातीशी धरून ढसाढसा रडली.

सुमनबाई कॅसेट पदरात बांधून सोनपेठच्या एसटीनं गेली. गोपीचंद स्टँडवर पोचवायला गेला होता. खिडकीशी बसून ती शेजारच्या मोकळ्या जागेवर हात ठेवून होती, आणि तिचा चेहरा बघून त्याला वाटलं, चला, दोन घरं मार्गी लागली. नाशिकवाल्याला त्यानं कळवून टाकलं की तो गेम काही होणार नाही.

पुढचे दिवस सुखाचे गेले. पिंकी अंगानं भरली. एका हाकेत जेवायला येऊ लागली. ताटात पडेल ते मुकाट्यानं खायची, ताट चाटूनपुसून ठेवायची. टीव्हीकडे ढुंकून बघायची नाही. पंकजा म्हणायची, एवढ्या फजितीतून एक तरी चांगलं झालं. गोपीचंदही म्हणायचा, झालं बाई एकदाचं.

आषाढ लागला. एका दुपारी तिघं जेवायला बसले असताना सुमनबाईचा फोन आला. कुणाच्या तरी मोबाइलवरून बोलत होती. आवाजात आनंद होता, पण कुठंतरी अडखळत होती.

"जेवतो हो, भाऊ. रोज ताट ठिवते, रोज रिकामं व्हतं. पण तुमाला एक इचारायचं व्हतं..."

"इचारा की, मावशी."

"माझ्या बालाजीला कोथिंबीर लय आवडायची. रानातनं उपटून तशीच चावायचा. आता सगळं जेवतो... अन् कोथिंबिरीचं पान न् पान काढून ताटाच्या काठाला लावून ठिवतो. ओळीनं. आन् रातच्याला कुणी तरी मुसमुसल्यावानी वाटतं. तुमच्याकडं ऱ्हाताना असं काही करत व्हता का हो?"

गोपीचंदनं फोन कानाला तसाच धरून समोर पाहिलं. पिंकी बोटानं आमटी पुसून खात होती. ताटाच्या काठावर काहीही नव्हतं. पंकजा तिला अजून एक पोळी वाढायला वाकली होती.

पिंकीनं मान वर केली नाही. घास चावता चावता म्हणाली,

"पप्पा... माय जेवली का, इचार की."